पाच रुपयांची पावती, तासाभराची मुदत: नाशिकच्या बाजारातल्या गर्दीचे गणित

मार्च २०२१च्या अखेरीस, कोरोनाची दुसरी लाट चढत असताना, नाशिकमध्ये बाजारात शिरायला पावती लागू लागली. माणशी पाच रुपये, मुदत एक तास आणि तासाच्या वर आत सापडल्यास ५०० रुपये दंड. मेन रोडचा परिसर, पवननगर, अशोकनगर, बाजार समिती, सिटी सेंटर मॉल अशी नेहमीच्या गर्दीची ठिकाणे निवडून पोलीस आणि महापालिकेने तिथे बॅरिकेड उभे केले. देशभर गाजले ते पाच रुपये. या योजनेचा हेतू मात्र मोलाचा होता: बाजार बंद न पाडता आतली माणसे कमी ठेवायची. साथीच्या काळात शहर उघडे ठेवायचे तर हाच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येणार आहे, म्हणून या योजनेचे भाग सुटे करून पाहायला हवेत.

आधीची परिस्थिती थोडक्यात अशी. जून २०२०मध्ये टाळेबंदी टप्प्याटप्प्याने उठवण्यासाठी राज्याने 'मिशन बिगिन अगेन' जाहीर केले आणि ५ जूनपासून दुकाने सम-विषम पद्धतीने उघडली: आज रस्त्याची ही बाजू, उद्या ती. रुंद रस्त्यावर हे जमून जाते. मेन रोड, दहीपूल, सराफ बाजार या जुन्या पेठांत मात्र रस्त्याची बाजू म्हणजे नेमकी कोणती, इथूनच वाद सुरू होतो. कोपऱ्यावरच्या दुकानाचे तोंड दोन गल्ल्यांकडे असते. लग्नाच्या बस्त्याला निघालेल्या घराला कापडही हवे असते आणि भांडीही. दुकाने समोरासमोर असली तर ते घर दोन दिवस बाजारात येते. दुकाने निम्मी उघडली म्हणून फेऱ्या निम्म्या झाल्या नाहीत. पुढे ही पद्धत मागे पडली. दुसरी लाट चढू लागल्यावर, मार्च २०२१मध्ये, नाशिकमध्ये दुकानांची वेळ सकाळी ७ ते संध्याकाळी ७ झाली आणि शनिवार-रविवार अत्यावश्यक सोडून बाकी बंद.

वेळ कमी केली की गर्दी कमी होते, हा समज इथेच तपासून घेऊ. कापड, भांडी, सोने-चांदी यांचे गिऱ्हाईक सकाळी दहाच्या आधी फारसे फिरकत नाही. दहा ते रात्री नऊ, आठवड्याचे सातही दिवस धरले तर खरेदीला ७७ तास मिळतात. संध्याकाळी सातला बंद आणि शनिवार-रविवार सुट्टी केली की उरतात ४५ तास. तेवढेच लोक तेवढ्याच खरेदीला आले तर दर तासाची गर्दी १.७ पट होते. पुढे जूनमध्ये दुपारी ४ची मर्यादा आली तेव्हा हे तास ३० वर आले, म्हणजे अडीच पटीच्या वर. अर्थात लोकांची खरेदीच घटलेली असते, काहीजण भीतीने येतच नाहीत, त्यामुळे आकडा प्रत्यक्षात इतका चढत नाही. पण दिशा तीच राहते. संध्याकाळच्या गर्दीचे चित्र पाहून वेळ कापायची आणि तीच गर्दी दुपारी एकवटायची, असे ते चक्र आहे. वेळेची मर्यादा उपयोगी पडते ती रात्रीच्या बैठका आणि खाण्यापिण्याची ठिकाणे आवरायला. भर दिवसाच्या खरेदीसाठी तास वाढवणेच जास्त सुरक्षित असते, आणि हे व्यापाऱ्यांच्या सोयीसाठी म्हटलेले नाही.

तासाची मुदत नेमके काय करते

बाजारात एका क्षणी किती माणसे असतील, हे दोनच गोष्टींवर ठरते: दर मिनिटाला किती आत येतात आणि सरासरी किती मिनिटे थांबतात. दोन्हींचा गुणाकार केला की आतली संख्या मिळते. वानगीदाखल ८०० मीटर लांब आणि ८ मीटर रुंद बाजाररस्ता धरू. क्षेत्र ६,४०० चौरस मीटर. त्यातले ४० टक्के दुचाकी, हातगाड्या, पायऱ्यांवर मांडलेला माल आणि ओट्यांनी अडलेले. चालायला उरले ३,८४० चौरस मीटर. दोन मीटरचे अंतर ठेवायचे तर माणशी साधारण ४ चौरस मीटर लागतात. म्हणजे या रस्त्यात एका वेळी ९६० माणसे मावतात, आणि दुचाकी बाहेर काढल्या तर त्याहून जास्त.

आता मिनिटाला ३० माणसे येत आहेत आणि प्रत्येकजण तासभर थांबतो असे समजा. आत १,८०० माणसे झाली, क्षमतेच्या जवळपास दुप्पट. सगळ्यांनी नियम तंतोतंत पाळला आणि एकालाही दंड झाला नाही, तरी बाजार भरून वाहतो. हीच माणसे २५ मिनिटांत बाहेर पडली तर आत ७५० राहतात. तेव्हा एका तासाची मुदत स्वतःहून गर्दी कमी करत नाही. किती कमी होईल हे येणाऱ्यांच्या वेगावर अवलंबून राहते, आणि त्या वेगाला योजनेत लगाम नव्हता. शिवाय मुदत छापून दिली की तिचा हक्क होतो. एरवी दोरा-बटणे घेऊन वीस मिनिटांत परतणारा माणूसही पावती काढलीच आहे म्हणून आणखी दोन दुकाने फिरतो.

करायला हवे ते असे. आधी क्षमता मोजावी आणि तिच्या ८० टक्क्यांवर प्रवेश थांबवावा. वरच्या उदाहरणात साधारण ७७० माणसांवर. मग जितके बाहेर पडतील तितकेच आत सोडावेत. मुदत हा दुय्यम उपाय ठेवावा, आणि ती तासाऐवजी ३०-४० मिनिटांची असावी.

मोजणीतही एक खोट असते. आत-बाहेरच्या दारांवर टिचकी मारायचे गणकयंत्र देऊन माणूस बसवला तरी शंभरात दोन नोंदी चुकतात असे धरून चाला. तासाला १,८०० माणसे जात असतील तर ३६ची चूक. ती एकाच दिशेला साचत गेली तर सहा तासांत २१६. दुपारी आकडा सांगतो बाजार भरला, आणि रस्ता दिसतो मोकळा. किंवा नेमके उलटे. यावर साधा इलाज आहे. एखाद्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरून रस्त्याचा ५० मीटरचा पट्टा ठरवून घ्यायचा, आणि दर तासाला त्यातली डोकी मोजायची. आपल्या उदाहरणात त्या पट्ट्यात चालायची जागा २४० चौरस मीटर, म्हणजे ६० माणसे. साठाच्या वर गेली की दार बंद, मग गणकयंत्रावर काहीही असो. असे दोन-तीन पट्टे घ्यावेत, कारण गर्दी सारखी पसरत नाही. चौकात आणि नावाजलेल्या दुकानासमोर ती गोळा होते.

दारावरची रांग

साऱ्या योजनेतली सर्वांत धोक्याची जागा प्रवेशद्वार. पाच रुपये घ्यायचे, पावती फाडायची, वेळ लिहायची आणि सुट्टे परत करायचे, याला अगदी सराईत हातालाही १२ सेकंद लागतात. म्हणजे एका खिडकीवर मिनिटाला पाच माणसे. मिनिटाला ३० येणार असतील तर सहा खिडक्या हव्यात. तीनच असल्या तर दर मिनिटाला १५ माणसे मागे साचतात आणि वीस मिनिटांत बॅरिकेडबाहेर ३०० जण खेटून उभे राहतात. ही रांग बाजारातल्या चालत्या गर्दीपेक्षा वाईट, कारण इथे माणूस एकाच जागी, एकाच माणसाच्या श्वासात पंधरा-वीस मिनिटे उभा असतो. उन्हात मास्क खाली सरकतो. पोलिसांशी वाद घालणारा मोठ्याने बोलतो, आणि मोठ्या आवाजात बोलताना तोंडातून बाहेर पडणारे कण वाढतात.

म्हणून पाच रुपये काढून टाकावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. शुल्कामुळे हौशी येणे कमी होते हे खरे. पण पाच रुपयांनी जो माणूस घरी राहतो तो बहुधा हातावर पोट असलेला असतो, आणि त्याला रोज थोडेथोडे विकत घेण्यावाचून पर्याय नसतो. सुट्ट्या पैशांची देवघेव काढली तर तीच खिडकी चार-पाच सेकंदांत मोकळी होते. फक्त कागदाची चिठ्ठी द्यावी आणि तिचा रंग दर अर्ध्या तासाला बदलावा: पांढरी, पिवळी, गुलाबी, हिरवी आणि पुन्हा पांढरी. तासाची मुदत ठेवली तरी कोणत्याही क्षणी चारपैकी एक रंग नक्की बाद झालेला असतो. शिपायाने लांबून हातातली चिठ्ठी पाहिली की पुरे. जवळ जाऊन वेळ वाचायची गरज नाही. ठळक अक्षरांत त्या वेळचा बाद रंग फलकावर लावता येतो.

दंडाची जागाही महत्त्वाची. बाहेर पडण्याच्या वाटेवर दंड वसूल केला तर तिथे तुंबते, आणि मुदत टळलेला माणूस त्या वाटेला जातच नाही; तो आतच वेळ काढतो किंवा बोळातून निसटतो. दंड टाळण्यासाठी लोक आत जास्त थांबले तर नियमाचे फळ उलटेच. उशीर झालेल्याला बाजूला घेऊन दंडाची पावती करावी आणि वाट वाहती ठेवावी. पहिले तीन-चार दिवस नुसती समज देणे चांगले.

जुन्या नाशिकची रचना पाहता आणखी एक अडचण ठळक दिसते. मेन रोडला सराफ बाजार, दहीपूल, भद्रकाली, शालिमार यांच्याकडून येणाऱ्या गल्ल्या मिळतात आणि वाड्यांमधून जाणारे बोळ वेगळेच. सगळी तोंडे बंद करायची तर आत राहणारे अडकतात, रुग्णवाहिका आणि अग्निशमनाचा बंब अडतो. आत राहणारे, दुकानदार आणि त्यांचे कामगार यांना वेगळे पास आणि वेगळी वाट द्यावी लागते. नाहीतर रोज सकाळी तीच माणसे रांगेत उभी राहतात. बंद केलेल्या प्रत्येक बोळावर हलवता येणारे बॅरिकेड आणि एक माणूस हवा, खिळे ठोकलेला बांबू नको. सिटी सेंटर मॉलसारख्या इमारतीला दारे मोजकी असतात, तिथे मोजणी सोपी जाते, पण हवा कोंडलेली असते. मेन रोडवर हवा मोकळी आणि मोजणी अवघड. दोन्हींना एकच नियम लावणे हीच चूक होती.

बाजार समितीची गोष्ट तर पूर्ण वेगळी. शेतकऱ्याने गाडी आत घेतली की हमाल क्रेट उतरवतात, लिलाव होतो, मापाडी माप घेतो, आडत्याकडून हिशेबपट्टी मिळते आणि मग तो निघतो. हे तासाभरात उरकत नाही आणि ते त्याच्या हातातही नाही. तिथे वेळेची मर्यादा माणसाला लावण्यात अर्थ नाही. गाड्यांना आत यायच्या वेळा वाटून द्याव्यात, मालाप्रमाणे लिलावाचे ओटे लांब लांब ठेवावेत, एका गाडीसोबत दोनच माणसे सोडावीत. किरकोळ भाजी घ्यायला येणाऱ्या ग्राहकांना त्या दिवसांत आवारात घेऊच नये. त्यांच्यासाठी प्रभागांतल्या मैदानांवर विक्रेते बसवावेत. गोदाघाटावर बुधवारचा आठवडे बाजार मोकळ्या आभाळाखाली भरतो, आणि त्यात दोन पथाऱ्यांमध्ये तीन मीटर सोडून चुन्याच्या रेघा आखल्या तर तो बंदिस्त मंडईपेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. साथीत आधी उघड्यावरचे बाजार बंद होतात आणि बंदिस्त दुकाने चालू राहतात, हा क्रम उलटा करायला हवा.

दुकानाच्या आत

रस्त्यावरच्या गर्दीकडे सगळ्यांचे लक्ष जाते. लागण मात्र बरीचशी आतल्या कोंदट हवेत होते. दहा बाय वीस फुटांचा, दहा फूट उंचीचा गाळा घ्या. आत २,००० घनफूट, म्हणजे सुमारे ५७ घनमीटर हवा. दोन कामगार आणि तीन गिऱ्हाइके मिळून पाच माणसे. माणशी सेकंदाला १० लिटर ताजी हवा द्यायची तर तासाला १८० घनमीटर लागते, म्हणजे गाळ्यातली हवा तासाला तीनदा बदलली पाहिजे. शटर पूर्ण वर आणि मागच्या भिंतीत एक्झॉस्ट पंखा असेल तर हे सहज होते. काचेचे दार लावून स्प्लिट एसी चालवला तर जवळजवळ काहीच बदलत नाही, कारण तो आतलीच हवा गार करून परत सोडतो. पंखा बसवताना एकच चूक वारंवार होते: तो शटरच्याच बाजूला लावतात. मग समोरून आलेली हवा समोरूनच जाते आणि मागचा कोपरा तसाच कोंडलेला राहतो.

तपासायला कार्बन डायऑक्साइडचे मीटर चांगले. बाहेरच्या हवेत तो सुमारे ४२० पीपीएम (दहा लाख भागांत ४२० भाग) असतो. दुकानात तो १,०००च्या आत राहिला तर वर सांगितलेली हवा मिळते आहे असे समजावे. १,५०० दिसला तर दार उघडा आणि माणसे कमी करा. दर दुकानाला मीटर घ्यायची गरज नाही. व्यापारी संघटनेने दोन-तीन घेऊन आळीपाळीने फिरवले तरी चालते.

रस्त्यावर सोडियम हायपोक्लोराइट हे जंतुनाशक फवारण्यावर जे मनुष्यबळ गेले ते मात्र वाया गेले. मोकळ्या जागेत अशी फवारणी करू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२०मध्येच सांगितले होते. धूळ आणि मातीत ते रसायन निकामी होते आणि माणसांच्या डोळ्यांना, श्वासाला त्रास देते. तेच कर्मचारी दारावर मोजणीला हवे होते.

शहराचा आकडा आणि त्याचा छेद

पावतीची योजना सुरू होऊन आठवडा होतो न होतो तोच ५ एप्रिल २०२१पासून राज्याचे 'ब्रेक द चेन' निर्बंध आले आणि अत्यावश्यक सोडून इतर दुकाने बंद झाली. त्यामुळे रुग्ण घटले की वाढले यावरून पावतीला यश किंवा अपयश चिकटवता येत नाही. लागण झाल्यापासून लक्षणे, चाचणी आणि अहवाल यांना आठ-दहा दिवस जातात; त्याआधी योजनाच संपली होती.

पुन्हा उघडण्याचा पुढचा टप्पा ७ जून २०२१ला आला आणि तो जास्त विचारपूर्वक बांधलेला होता. राज्याने पाच स्तर केले आणि ते दोन आकड्यांवर ठरवले: चाचण्यांतील बाधितांचे प्रमाण आणि ऑक्सिजन खाटा किती टक्के भरल्या आहेत. बाधित ५ टक्क्यांच्या आत आणि खाटा २५ टक्क्यांच्या आत भरलेल्या असल्या तर पहिला स्तर. बाधित ५ ते १० टक्के किंवा खाटा ४० टक्क्यांच्या वर असल्या तर तिसरा. बाधित २० टक्क्यांच्या वर किंवा खाटा ७५ टक्क्यांच्या वर गेल्या की पाचवा. दहा लाखांवर लोकसंख्येच्या महापालिका स्वतंत्र एकक धरल्या. २०११च्या जनगणनेत नाशिक शहराची लोकसंख्या १४.८६ लाख, म्हणून शहर वेगळे आणि मालेगावसह उरलेला जिल्हा वेगळा. तिसऱ्या स्तरात अत्यावश्यक दुकाने रोज ४ पर्यंत, इतर सोमवार ते शुक्रवार ४ पर्यंत, मॉल बंद, सलून आणि जिम निम्म्या क्षमतेने व एसीशिवाय, लग्नाला ५०, अंत्यविधीला २० माणसे आणि ५ नंतर संचारबंदी असे नियम होते.

आकड्यावर नियम बांधणे योग्यच. पण टक्केवारीत छेद बदलला की उत्तर बदलते. समजा आठवड्यात १,००० आरटी-पीसीआर चाचण्यांत १२० बाधित निघाले: १२ टक्के, स्तर चौथा. त्याच आठवड्यात नाक्यानाक्यावर फिरणाऱ्यांच्या २,००० अँटिजेन चाचण्या केल्या आणि त्यांत ६० बाधित सापडले. एकत्र करा: ३,०००मध्ये १८०, म्हणजे ६ टक्के, स्तर तिसरा. साथ तसूभरही हटली नाही आणि शहर एक पायरी खाली आले. २५ जूनच्या सुधारित आदेशात राज्याने हे दुरुस्त केले आणि फक्त आरटी-पीसीआरचा आकडा धरायला सांगितले. त्याच आदेशात आणखी एक शहाणपणाची तरतूद होती: निर्बंध वाढवायचे तर लगेच, सैल करायचे तर दोन आठवड्यांचा कल पाहून.

खाटांच्या आकड्यातही हीच फट आहे. २,००० ऑक्सिजन खाटांपैकी ८२० भरल्या तर ४१ टक्के. कागदावर आणखी २०० खाटा वाढवल्या की ३७ टक्के. त्या खाटांना ऑक्सिजन आणि परिचारिका आहेत का, हे टक्केवारी सांगत नाही. म्हणून छेद महिन्याच्या पहिल्या तारखेला गोठवावा, आणि टक्क्यांसोबत रोज नव्याने दाखल होणाऱ्यांचा नुसता आकडा जाहीर करावा. तो फुगवता-आटवता येत नाही. शहरभराची सरासरी पेठेतला उद्रेक झाकते, यासाठी प्रभागवार आकडे वेगळे हवेत. पाचपेक्षा जास्त बाधितांची सोसायटी सूक्ष्म प्रतिबंधित क्षेत्र धरण्याचा एप्रिलमधला नियम त्याच दृष्टीने उपयोगी होता.

शेवटी वाराची गोष्ट, जिच्याकडे आदेश लिहिताना कोणाचे लक्ष जात नाही. आकडे गुरुवारी जाहीर होत आणि नवा स्तर सोमवारपासून लागू होई. निर्बंध वाढणार हे गुरुवारी कळले की शुक्रवारी बाजार गर्दीने फुटतो. सैल होणार असे कळले तर शनिवार-रविवारची तुंबलेली खरेदी आणि नव्याने उघडलेल्या दुकानांची ओढ, दोन्ही सोमवारी सकाळी एकत्र येतात. कडक नियम जाहीर झाल्या रात्रीपासून लावावेत आणि त्या एका दिवसासाठी किराणा, औषधे यांची वेळ वाढवून द्यावी. सैल नियम बुधवारी सुरू करावेत, आणि पहिले तीन दिवस दारावर नेहमीच्या दुप्पट खिडक्या ठेवाव्यात.